बेकेलाइटची पट्टी

अण्णांवर माझा राग आहे. ‘होता’ असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? माणूस आठवायला बसलं की लोक त्याच्यातलं गोड तेवढं वेचतात. माझ्याकडे अण्णांबद्दलचं गोड फार थोडं आहे, आणि जे आहे त्याचाही मला रागच येतो.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की पलूस-तासगावकडचे बागाईतदार त्या आणून टाकायचे. अण्णा त्या खोलायचे, आतली जळकी तांब्याची तार काढायचे आणि नवी गुंडाळायचे. दुकानात वार्निशचा वास, त्यात यार्डातून येणारी हळद. अर्ध्या तासात डोकं उठायचं. आणि इतर दुकानांत जिथं देवांचे फोटो आणि कॅलेंडरं असतात त्या भिंतीवर गिटारी टांगलेल्या. इलेक्ट्रिक गिटारी. एकीला मान नाही, एकीच्या पोटातल्या वायरी बाहेर लोंबताहेत, एक नुसतीच फळी. लोकांनी स्वस्तात मागवलेल्या, वैतागून टाकून दिलेल्या, अण्णांनी उचलून आणलेल्या.

मी औंधजवळच्या गावची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं, वडिलांच्या वेळेला कुठं थोडी शेती आली. शिकून मी सांगलीच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला लागले आणि नोकरी लागल्या लागल्या मोबाइलवर दिसली ती सगळ्यांत स्वस्त लाल गिटार मागवली. घरी कळल्यावर आई म्हणाली, “लग्नाचं वय तुझं, आणि ह्ये काय आणलंस?” तो राग वेगळा आहे, तो इथं नको. गिटार आली ती अशी की मानेवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं तळहाताला कापायची, तारा दहा मिनिटं सुरात राहायच्या नाहीत, आणि स्पीकरला जोडली की आधी घोंघाटच ऐकू यायचा. वाद्यांच्या दुकानदारानं तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि अण्णांचा पत्ता दिला. माझी ब्याद टाळायलाच दिला असणार.

अण्णा तेव्हा साठीचे. किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, बोटांना वार्निशचा काळपटपणा. गिटारकडे न बघता त्यांनी विचारलं, “खोललीस का?”

“काय?”

“गिटार गं. आत काय हाय ते खोलून बघितलंस का?”

“न्हाई.”

“मग ती तुझी न्हाई. ज्याची हाय त्याला परत दे जा.”

आणि माझ्या हातात डिसमिस दिला. स्क्रू काढायचा डिसमिस मी आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. दुकानाच्या पायरीवर बसून मी एकेक स्क्रू काढला, आणि अण्णा मोटारीत डोकं घालून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केल्यासारखं पुटपुटत राहिले. तिसऱ्या मिनिटाला उठले, गिटार माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि उरलेले स्क्रू स्वतः काढले.

ही त्यांची रीत होती. ‘तूच कर’ म्हणायचं आणि तीन मिनिटांत हिसकावून घ्यायचं. दुसऱ्याचा हात चुकताना बघवायचा नाही त्यांना. जेवताना काकू, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापायच्या तेव्हासुद्धा हे मागून “उलट, आता उलट” असं सांगायचे म्हणे. काकूंनी एकदा तवाच पुढ्यात सरकवला होता.

स्वस्त गिटारींवर त्यांचं एक मत होतं आणि ते कुणीही न विचारता ऐकवायचे. “स्वस्त गिटार वाईट नसती. अर्धवट असती. कारखान्यानं शेवटच्या दिवसाचं काम केलंच न्हाई, येवढंच. त्यो दिवस आपण करायचा.” त्यांच्याकडे एक दिवस म्हणजे वर्ष धरायचं. पट्ट्यांची टोकं घासायची, मान सरळ करायची, आवाज पकडणारं पिकअप काढून नवं वेढायचं. पिकअप म्हणजे तरी काय, लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. जन्मभर मोटारी वेढलेल्या माणसाला ते पोरखेळच. पण महागड्या नावाची गिटार घेऊन कुणी दुकानात आला की अण्णा भडकायचे. एका मुलानं कौतुकानं आपली गिटार दाखवली तर म्हणाले, “नाव कुणाचं हाय हिच्यावर? तुझं न्हाई न्हवं? मग मला कशाला दाखवतोस?” तो पोरगा परत आला नाही. असे पुष्कळ परत आले नाहीत.

गंमत म्हणजे त्यांना गिटार वाजवता यायची नाही. एकही गाणं नाही. एक तार छेडायची, लाकडाला कान लावायचा आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून बसायचं. गिटार सुरात लावायची तर ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या डीपीच्या घुमण्यावर. “तिचा सूर बदलत न्हाई, सरकारी हाय,” म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गिटारी जगापेक्षा किंचित वर लागलेल्या. एका कीबोर्डवाल्यानं तक्रार केली तर कीबोर्ड वर चढव म्हणून त्यालाच झापलं. आणि वीज गेली की त्या दिवशी सूर लावणं बंद.

जळकी मोटार उघडण्याआधी ते तिच्यावर तीनदा टकटक करायचे आणि थांबायचे. आत पाल असेल, मुंग्या असतील, त्यांना निघायला वेळ द्यायचा. शेतकरी पिकाला पाणी नाही म्हणून तळमळतोय आणि हे मुंग्या बाहेर पडायची वाट बघताहेत. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचे, कांदा-लसूण नाही. ते तर सांगलीत घरोघरी आहे. पण अण्णांनी हे गिटारीपर्यंत नेलं होतं. लाकूड चिकटवायला सरस नको, तो कातड्या-हाडांपासून उकळतात. लाखेचं पॉलिश नको, त्यात किडे मरतात. खांद्यावरचा पट्टा चामड्याचा नको. आणि हाडाचा नट तर मुळीच नको.

हा नट समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, तारा खुंट्यांकडे वळतात तिथं, बोटाच्या पेराएवढी लांब एक पट्टी असते. तिच्यातल्या सहा खाचांतून सहा तारा जातात. ती पट्टी म्हणजे नट. स्वस्त गिटारीला तो प्लॅस्टिकचा असतो. चांगला बसवायचा तर हाडाचा. अण्णा तो मोटारीतल्या बेकेलाइटचा करायचे, जुन्या काळ्या स्विचांना असायचं त्या कडक प्लॅस्टिकचा. तपकिरी, गुळगुळीत, दिसायला छान.

एक वर्षभर रविवारी आम्ही मिळून एक गिटार जुळवली. माझ्या लाल गिटारीची मान, मोडीत काढलेल्या सागवानी दाराचं अंग, दोन निरनिराळ्या गिटारींच्या खुंट्या. पिकअपची तार मी स्वतः वेढली. पाच हजार वेढे झाल्यावर तार तुटली. मी रडकुंडीला आले. अण्णा म्हणाले, “पयल्यापासनं.” मी डिसमिस फेकून मारला. खरंच मारला, खांद्याला लागला. त्यांनी तो उचलला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “झालं? आता पयल्यापासनं.” त्या गिटारीला जवसाचं तेल पाजलं तेव्हा सागवान असं काही उजळलं की मी अण्णांवरचा सगळा राग विसरले. संध्याकाळपर्यंत.

आता ती सभा. अण्णांच्या गल्लीत त्यांची बस्ती, म्हणजे जैन मंदिर. तिथं मोठ्या पूजेच्या वेळी मंडपात आरती व्हायची, ढोलकी आणि कीबोर्डवर. अण्णा तीन वर्षं विश्वस्तांच्या मागं लागले होते की आरतीला आपली गिटार वाजू द्या. वायरीची गिटार देवापुढं? लोक हसायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी आमची सागवानी गिटार सभेत नेली आणि विश्वस्तांसमोर सतरंजीवर ठेवली. मी दाराशी उभी होते.

मोठे विश्वस्त म्हणाले, “कशानं चिकटवली हाय?”

“रासायनिक गोंद. सरस न्हाई.”

“पॉलिश?”

“जवसाचं तेल.”

“आनि ही पट्टी?”

“मोटारीतलं बेकेलाइट,” अण्णा म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला. “तुमच्या ढोलकीला कातडं हाय. माझ्या गिटारीत एका जीवाचं काय निघालं तर दाखवा. मी शबूद देतो. देवापुढं देतो.”

शब्द दिला. त्यावर परवानगी मिळाली. वाजवणार मी. अण्णा घरी जाताना माझ्यापुढं दहा पावलं चालत होते आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते. इतकी वर्षं लोकांनी त्यांना मोटारवाला येडा म्हटलं होतं. आता त्यांचं वाद्य देवापुढं वाजणार होतं.

अडचण त्याच पट्टीत होती. तिसरी तार ओढून सोडली की बेकेलाइटच्या खाचेत अडकायची, टिंग असा आवाज करायची आणि उतरायची. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी खाच घासली. तरी अडकली. पुन्हा घासली. मी म्हणाले, “अण्णा, हाडाचा नट घालूया का? एकदाच. आरती झाली की काढू.”

ते इतके ओरडले की समोरचा पानवाला बाहेर आला. “हाड? माझ्या दुकानात? दिवसभर हाडांचे फोटू काढून तुझी अक्कल हाडाची झालीया! ऊठ हितनं!”

बरोबर होतं ते. मी दिवसभर हाडंच बघते. मला हाडाचं काही वाटत नाही. आमच्या घरात कातडं, लोकर, हाड, शिंग यांत माणसं वाढली. त्या दिवशी मला इतकंच दिसत होतं की अख्ख्या पेठेसमोर माझी तार उतरणार आणि लोक म्हणणार, पोरीला वाजवता येत नाही. त्यांना शब्दाची पडली होती आणि मला तारेची.

मी मिरजेला गेले. तिथं सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं गिटार बघून मान डोलावली. “सुरेख केलीया. पन हितं हाड बसंल. चालतंय न्हवं?”

“चालतंय,” मी म्हणाले.

एवढंच. इतक्या सहज म्हणाले मी ते. आणि वर हेही म्हणाले की रंग तपकिरी हवा, आधीसारखा दिसला पाहिजे. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तो नट चहाच्या काळ्या पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी मी तो बसवलेली गिटार घेऊन आले. अण्णांच्या पट्टीशेजारी ठेवला असता तर मलाही फरक सांगता आला नसता.

आरती झाली. तार एकदाही उतरली नाही. अण्णा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, डोळे मिटून. मोठे विश्वस्त स्वतः येऊन म्हणाले, “छान वाजली गड्या.” मी अण्णांना तसं उभं राहिलेलं कधीच बघितलं नव्हतं. हात छातीवर बांधलेले, कुणावर ओरडणं नाही, कुणाचं काही हिसकावणं नाही. तो चेहरा आठवला की मला आजही स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा म्हणाले, तिसरी तार किंचित वर बसलीय, खाच जरा खोल करू. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कानस लावली. दोनदाच घासली. तपकिरीखालून पांढरा भुगा आला, आणि नख जळाल्यासारखा वास.

“ह्ये काय हाय?”

खोटं बोलता आलं असतं. दुसरं प्लॅस्टिक आहे म्हणाले असते. पण त्यांच्या नाकाला कोण फसवणार?

“हाड.”

“कशाचं?”

“म्हशीचं.”

मी वाट बघत राहिले. ओरडा, मारा, डिसमिस फेका. अण्णांनी कानस खाली ठेवली. नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून दोनदा. आणि सकाळी अकरा वाजता दुकानाचं शटर ओढलं. मी आणि गिटार बाहेर.

हे इथं संपलं असतं. कुणाला काही कळलं नव्हतं. मी पट्टी बदलली असती, तो विषय आमच्या दोघांत राहिला असता. पण अण्णा सरळ मोठ्या विश्वस्तांच्या घरी गेले आणि सांगितलं की माझा शब्द खोटा पडला, गिटारीत हाड होतं. माझं नाव नाही घेतलं. ‘माझ्या गिटारीत होतं’ एवढंच. सभा भरली, वायरीची गिटार कायमची बंद झाली, आणि ज्या लोकांनी आदल्या दिवशी पाठ थोपटली तेच गल्लीत त्यांना बघून बाजूला व्हायला लागले. मला हे काकूंनी फोनवर सांगितलं. म्हणाल्या, “आनि महाराजांपुढं जाऊन नियम घिऊन आल्यात. गिटारीला जन्मात हात लावनार न्हाईत.”

त्यांच्यात नियम घेतात. एखादी आवडती गोष्ट मुनिमहाराजांसमोर सोडायची. कुणी गूळ सोडतं, कुणी गादी. अण्णांनी हे सोडलं.

मी तशीच, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, दुकानात गेले. माझं डोकं सणकलं होतं. “कुणी सांगितलं होतं तुमाला सांगायला? कुणाला कळलं होतं? आनि नियम घ्यायचा तर मी घ्यायचा, अण्णा! चूक माझी हाय. हाड मी घातलं. तुमी कोन माझं प्रायश्चित्त घेनार?”

ते मोटारीच्या खोबणीत तार भरत होते. वर न बघता म्हणाले, “शबूद कुणी दिलता?”

“तुमी.”

“मग?”

“मग मला शिव्या तरी द्या!”

“तुला देऊन काय उपेग? तू जा आता. काम हाय मला.”

भिंतीवर गिटारी तशाच होत्या. त्या खाली उतरवायच्या तरी हात लावावा लागणार, म्हणून तशाच. त्यांच्यावर धूळ साठायला लागली होती. आयुष्यभर मुंगीची काळजी केलेल्या त्या माणसाला माझी काळजी कळली नाही. मला एक शिवी हवी होती, ती मिळाली असती तर मी सुटले असते. ती त्यांनी दिली नाही. यालाच मी राग म्हणते. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

चार महिने मी तिकडे फिरकले नाही. गिटार पेटीत पडून. मग एका रविवारी हाडाचा नट मी स्वतः काढून टाकला, खाच स्वच्छ केली, आणि दुकानात जाऊन भंगाराच्या डब्यातून बेकेलाइटचा तुकडा उचलला. विचारलं नाही. पायरीवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि कानस चालवायला लागले. अण्णा आत मोटार वेढत होते. त्यांच्या यंत्राचा आवाज मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मग थांबला तो थांबलाच.

“तिरकी धरलीयास.”

मी तशीच घासत राहिले.

“आगं तिरकी धरलीयास कानस! डोळं हायत का बटनं हायत? तारंच्या दिशेनं घास, खुंटीकडं उतार दे. न्हाई तर अडकंल न्हाई तर काय? हाड कशाला लागतंय, अक्कल लागती! मी पन गाढव, सरळच घासत बसलो सारखा!”

अख्खी गल्ली ऐकत होती. पानवाला बाहेर आला. माझे डोळे भरून आले आणि खाच दिसेनाशी झाली, म्हणून आणखी ओरडा बसला. अण्णा स्टूल ओढून माझ्यासमोर येऊन बसले होते, इतके जवळ की वार्निशचा वास येत होता, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. स्टुलाच्या कडेला बोटांची टोकं दिसत होती. ती हलत होती.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले. ते ओरडायचे आणि मी घासायचे, जोडायचे, वेढायचे. भिंतीवरच्या गिटारी एकेक करून मी उतरवल्या. त्यातल्या चार आज वाजताहेत, त्यांचे नट बेकेलाइटचे आहेत आणि तारा अडकत नाहीत. बस्तीत मात्र गिटार पुन्हा वाजली नाही, वाजणारही नाही. आता माझी बदली साताऱ्याला झाली आहे. महिन्यातून एकदा जाते. गेल्या खेपेलाही एक कुणाचीशी मोडकी गिटार मांडीवर घेऊन पायरीवर बसले. एक स्क्रू काढला, दुसरा काढला. तिसरा गंजला होता, डिसमिस सटकायला लागला. समोर स्टूल करकरला. अण्णांचे हात मांडीखालून निघाले आणि सरळ गिटारीकडे आले.

मी गिटार छातीशी ओढून घेतली.

“अण्णा,” मी म्हणाले, “हात.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खाऊ का गिळू. मग दोन्ही हात पुन्हा मांडीखाली घातले आणि म्हणाले, “तेल टाक की मग त्याच्यावर, गाढवे.”